कळणा नंबर तीन

जात्याची घरघर ऐकून जाग येणारी माणसं आता थोडीच उरली असतील. मी त्यांतला एक. धुळ्याला आबांच्या घरी जी अडीच वर्षं काढली, त्या सगळ्या दिवसांची सुरुवात अक्कांच्या जात्याने झाली. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, बाजरी-गहू तिकडेच जायचे, पण कळणा मात्र अक्का गिरणीत देत नसत. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र करून, मीठ घालून, जाडसर दळलेलं पीठ. अक्का त्याला 'कयना' म्हणायच्या. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद. त्याची काळपट भाकरी, वर तेलाची धार, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आमच्या आजरा गावाकडे नाचणी खाल्लेल्या पोटाला हे प्रकरण पहिल्या आठवड्यात पेललं नाही. मग असं पेललं की आजही घरात कुणी 'आज काय करू' असं विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं असतं आणि ते ऐकून घरचे कपाळाला हात लावतात.

सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चार वर्षं घरीच गेली, मग मामा रेल्वेत चाळीसगावला होते, त्यांनी धुळ्याची गाडी दाखवली आणि आबांच्या हवाली केलं. आबा म्हणजे मामांच्या ओळखीचे, पन्नाशी उलटलेले, उंच, कानात बाळी, आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरवर गेलेलं. ते जिनिंग बंद पडल्यावर ते एका शेठजींच्या कारखान्यात लागले होते आणि त्यांच्या शब्दावर मीही लागलो. राहायला त्यांचीच ओसरी, जेवायला त्यांचंच ताट. घरात ते आणि त्यांची बायको, म्हणजे अक्का; मूलबाळ नव्हतं. मी त्या घरात पहिले सहा महिने पाहुण्यासारखा आणि चोरासारखा, दोन्ही एकदम, वागत होतो. पाण्याचा तांब्या घेतानाही विचारायचो. कुणी मोठ्याने बोललं की आपलंच काही चुकलं असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली ती भाषेची. अक्कांनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं खाई ले, भाऊ." मी बसलेलोच होतो. मला वाटलं, नीट बसून खा म्हणतात. मी मांडी सावरली. त्या पुन्हा म्हणाल्या, "बठ्ठं, बठ्ठं!" मी उठलो आणि परत बसलो. आबांचा चहा नाकात गेला.

"अरे, बठेल तं तू शेच!" ते ठसकत म्हणाले. "बठ्ठं म्हंजे सगळं. सगळं खाई ले, असं सांगी राह्यनी ती."

गल्लीभर ती गोष्ट झाली. शेजारच्या बाया मला बघितलं की "बठ्ठं का?" म्हणून पदर तोंडाला लावायच्या. मी मनाशी पक्कं केलं की हा शब्द पुन्हा चुकायचा नाही. बठ्ठं म्हणजे सगळं. बठ्ठं म्हणजे सगळं. रस्त्याने जातानाही घोकायचो. आबांचं बोलणं हळूहळू कळू लागलं, पण एखादा शब्द अडला तर परत विचारायचो नाही. हसतील या भीतीने मान हलवायचो आणि मग अंदाजाने काम करायचो. ही सवय मला फार महागात पडणार होती.

कारखाना म्हणजे आग्रा रोडच्या कडेचं पत्र्याचं शेड. आत एक केटल, म्हणजे झाकणबंद मोठं पातेलं, दोनशे लिटरचं. मधोमध फिरणारी ढवळणी, बाहेरून दुहेरी भिंत, त्या भिंतीत गरज पडेल तशी वाफ सोडायची नाहीतर पाणी फिरवायचं. केटलच्या वर लाकडी माळा होता. माळ्यावर काचेची टाकी, टाकीखाली कॉक, आणि कॉकपाशी मी. खाली वाफेच्या व्हॉल्व्हपाशी आबा. सगळ्यांवर दामले साहेब, पुण्याचे केमिस्ट, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठे, पण चष्म्यामुळे पोक्त दिसायचे. आम्ही पांढरा चिकट गोंद करायचो. जळगावला एक छापखाना होता, तिथे शाळेच्या पुस्तकांची बांधणी व्हायची. तिथे सरस, म्हणजे जनावरांच्या हाडांचा गोंद, वापरत. सरस पावसाळ्यात बुरसायचा आणि उन्हाळ्यात दगड व्हायचा. पोरांनी पुस्तक उघडलं की पाठ कडकन मोडायची आणि पानं हातात यायची. शेठजींनी तिथल्या बाइंडरला सांगून ठेवलं होतं की वाकेल पण तुटणार नाही असा गोंद देतो.

सांगून ठेवलं, पण होत नव्हता. आधी नुसत्या व्हिनाइल असिटेटचा केला. काचेवर पातळ थर ओढून वाळवला, तर पापड. बोटाने वाकवला की तुकडे. मग त्यात मऊ करणारं तेल मिसळलं. आठ दिवस छान. नंतर तेल कागदात उतरलं, पुस्तकाच्या पाठीवर भज्यांच्या कागदासारखे डाग पडले, आणि गोंद पुन्हा पापड. तेव्हा दामले साहेबांनी दुसरं द्रव्य मागवलं, ब्युटाइल ॲक्रिलेट. परवान्यावर, परदेशातून, दोनच लहान ड्रम. आम्ही त्यांना नावं ठेवली होती: पहिलं 'कडक', दुसरं 'मऊ'.

"हे बघ दत्तू," साहेबांनी मला एकदा सुतळीला गाठी मारून समजावलं होतं. "गोंद म्हणजे लांबच लांब साखळी. कडकच्या कड्या ओवल्या तर साखळी ताठ होते. तेल घातलं तर ते साखळीच्या बाहेर राहतं, आणि बाहेरचं कधीतरी निघून जाणारच. पण साखळी गुंफतानाच अधूनमधून मऊची कडी ओवली, तर ती जाईल कुठे?"

मी सुतळीच्या गाठी बोटांनी चाचपल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी कळण्यागत, साहेब."

त्यांना कळणा माहीत नव्हता. मी सांगितलं. अक्कांना मी एकदा विचारलं होतं की ज्वारीच्या पिठात उडदाचं पीठ वरून मिसळलं तर चालणार नाही का, एवढे हात कशाला दुखवायचे? त्या जात्याचा खुंटा न सोडता म्हणाल्या होत्या, "वरथीन टाकेल पीठ येगळंच राहस. भाकर तडकस. दयतानाच एक व्हवाले पाह्यजे." वरून टाकलेलं वेगळंच राहतं, दळतानाच एक व्हायला हवं. आणि जात्याच्या तोंडात त्या मूठ मूठच दाण्यांची वैरण घालत. एकदम ओतलं की जातं अडतं, ज्वारी भरड राहते, उडीद आधी पुढे निघून जातात.

दामले साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एकदम ओतलं की उडीद पुढे जातात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "अरे, आमचंही तेच दुखणं. मऊला घाई फार. दोन्ही एकदम टाकलं तर मऊ आधी आपापसात जुळून संपतं आणि कडक मागे एकटं उरतं. म्हणून थेंब थेंब. भूक ठेवून वाढायचं." त्या दिवसापासून वहीत त्या प्रयोगाचं नाव 'कळणा' पडलं. सातवी पास पोराचा शब्द साहेबांच्या वहीत, ह्या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की मी ती वही कुणी नसताना दोनदा उघडून बघितली.

कळणा नंबर एक तडकला. मऊ कमी पडलं. कळणा नंबर दोनला मऊ जास्त झालं. वाळलेल्या थरावर माश्या येऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. आता मऊचं जे उरलं होतं ते एका बॅचपुरतं. शेठजी शेडच्या दारात उभे राहिले. पांढरा सदरा, हातात पानाची डबी, आवाज नेहमीसारखा हळू.

"दामले साहेब, ही आता आखरी. जमली तर चांगलं. नाही जमली तर केटल भंगारवाल्याकडे, मी परत माझ्या रंगाच्या दुकानात, और आप पूना." मग आबांकडे बघून म्हणाले, "आबा, तुम्ही पण मग कुठेतरी बघून ठेवा."

त्या वयात, गावात जिनिंगं मिटत चाललेली असताना, आबा कुठे बघणार होते? त्या संध्याकाळी अक्कांनी भाकरी वाढली. नुसता कांदा फोडल्याचा आवाज आला.

कळणा नंबर तीनचा दिवस वैशाखातला होता. आठ वाजताच पत्रा तापून टकटक करत होता. केटलमध्ये पाणी, साबण, आणि सुरुवातीला कडक-मऊच्या मिश्रणाची फक्त एक बादली. वाफ दिली. मी झाकणावरच्या काचेतून आत बघत होतो: आधी पांढुरकं, मग निळसर छटा, मग फेस. फेस काचेपर्यंत चढतो आणि नंतर खाली बसतो. तो बसला की समजायचं, पहिली बादली पचली. मगच कॉक उघडायचा, तोही दोऱ्याएवढ्या धारेने, चार तास. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या सकाळी साहेब आणि आबा खाली काहीतरी हळू आवाजात बोलले होते, मला ऐकू गेलं नव्हतं, आणि माझ्या मनात कीड शिरली की आज रीत बदलली असावी. तेवढ्यात शेठजींनी साहेबांना कचेरीत बोलावलं. ढवळणीचा गिअर खडखडत होता, बाहेर ट्रक चढावर गिअर बदलत होता. आबांनी खालून मान वर करून हाक दिली.

त्यांनी विचारलं होतं, "बठनं का रे, दत्तू?" बठनं म्हणजे बसलं. फेस बसला का?

मला ऐकू आलं, "बठ्ठं... रे, दत्तू!"

सगळं. सोड सगळं. माझा शब्द, माझा घोकलेला शब्द. पुन्हा विचारावं असं मनात आलं, नाही असं नाही. इतक्या वर्षांनी तो क्षण मी अजून बोटांनी चाचपतो: कॉकची गार काच, अंगठ्याखालची खाच, आणि 'परत विचारलं तर हसतील' हा विचार. मी कॉक पूर्ण फिरवला. दोऱ्याच्या जागी मनगटाएवढी धार लागली.

आणि काहीच झालं नाही. तेच वाईट होतं. थंड द्रव्य आत गेल्याने केटल शांत झाली, गरमीचा काटा पंचाहत्तरवरून खाली उतरला. आबांना खालून एवढंच दिसलं की गरमी कमी होतेय, म्हणून त्यांनी वाफ जराशी वाढवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"किती सोडं रे?" त्यांनी ओरडून विचारलं.

मी माळ्यावरून छाती काढून सांगितलं, "बठ्ठं, आबा!"

आबांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही तसा कधी बघितला नाही. ते वाफेचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी पिळत ओरडले, "बंद कर! बंद कर, पोऱ्या! साहेब! ओ साहेब!"

कॉक बंद केला तेव्हा टाकी पाऊण उरली होती. पाव आत गेलं होतं. काटा थांबला, मग वळला, मग चढू लागला. सत्तर. पंचाहत्तर. वाफ तर बंद होती. तरी काटा चढत होता, कारण आता आग आतच पेटली होती. ऐंशी. काचेवर फेस आदळला. वरच्या नळीतून पिकून उतरलेल्या केळ्यांसारखा गोड, नाकाला झोंबणारा वास शेडभर झाला. दामले साहेब धावत आले ते हातात तपकिरी बाटली घेऊनच. तिच्यातली पूड टाकली की आतलं सगळं जिथल्या तिथे थांबतं. शेड वाचतं, माणसं वाचतात, आणि बॅच गटारात जाते. मऊ पुन्हा मिळणार नव्हतं.

"नव्वदला टाकणार," साहेब म्हणाले. "नव्वदच्या पुढे एक क्षण नाही. आबा, पाणी!"

पाणी फिरवलं, पण पाण्याची टाकी पत्र्यावर, उन्हात. ते पाणीच अंगाला चटका देणारं. त्र्याऐंशी. तेवढ्यात दारात अक्का आल्या, डोक्यावर आबांचा डबा. बाहेर हमालांच्या चहाची सिगडी धगधगत होती, आणि तो वास पेट घेणारा. आबा ओरडले, "सिगडी इझाड! इझाड आधी!" अक्कांनी काही विचारलं नाही. डबा खाली, बाजूच्या रांजणातून तांब्या, आणि सिगडी फस्स. मग त्यांनी हात परत रांजणात घातला आणि तिथूनच म्हणाल्या, "आठे थंडं पाणी शे ना! हाई काबरं नही लेतस?"

रांजण. प्यायच्या पाण्याचे तीन रांजण, गोणपाटात गुंडाळलेले, सावलीत. आम्ही रोज त्यांतलं पाणी पीत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. हमाल, अक्का, आबा असे रांगेत उभे राहिले. बादली वर आली की मी ती केटलच्या झाकणावर टाकलेल्या ओल्या गोणपाटावर ओतत होतो, खाली आबा दुहेरी भिंतीत ओतत होते. सत्त्याऐंशी. साहेबांनी बाटलीचं बूच काढलं. अठ्ठ्याऐंशी. दुसरा रांजण संपला. काटा अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मध्ये थरथरत राहिला. साहेबांचे ओठ हलत होते, मोजत होते की देवाचं नाव घेत होते मला माहीत नाही. मी काट्याकडे बघत नव्हतो. मी आबांच्या हातांकडे बघत होतो. तप्त लोखंडाला लागून त्यांच्या उजव्या तळव्याला फोड आला होता आणि ते त्याच हाताने बादली धरत होते.

तिसऱ्या रांजणाच्या मध्यावर काटा सत्त्याऐंशीवर आला. मग पंच्याऐंशी. साहेबांनी बाटलीला बूच लावलं.

शेठजी दारात केव्हापासून उभे होते कोण जाणे. "कॉक कोणी उघडला?"

मी झाकणावरचं गोणपाट उगाच सारखं करू लागलो. आबा फडक्याला हात पुसत म्हणाले, "माया शब्दावर उघडा त्यानी. मी इचारं तेच चुकनं, शेठजी."

शेठजींनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "जळगावहून ह्या गोंदाचा डबा परत आला, तर तुम्ही दोघंही परत येऊ नका," एवढं बोलून ते गेले. मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लिहायला बसलो ते अर्धं त्यासाठीच.

उरलेलं पाऊण द्रव्य साहेबांनी स्वतः माझ्याशेजारी उभं राहून सोडायला लावलं, दोऱ्याच्या धारेने, चार तास. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दुपारी अक्कांनी आणलेली भाकरी तिघांनी केटलजवळ उभ्याउभ्या खाल्ली. मी अक्कांना हळूच सांगितलं, काय ऐकलं ते. त्या हसतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या हसल्या नाहीत. "आमनंच चुकनं," म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच आम्ही तुले येवढं हसनूत, का तुनी इचारानीच हिंमत गई." मग भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवून, "आते बठ्ठं खाय. बठ्ठं!"

दुसऱ्या दिवशी काचेवर ओढलेला थर वाळला. स्वच्छ नव्हता, ढगाळ, दुधाळ, मध्ये बारीक गाठी. एकदम गेलेल्या त्या पाव भागाच्या खुणा. साहेबांनी तो पेन्सिलीभोवती गुंडाळला. तुटला नाही, पण वाकल्या जागी पांढरी रेघ उमटली. "माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. कापडातून गाळा आणि घेऊन जा."

आबा आणि मी सकाळच्या एस.टी.ने निघालो. पारोळा, एरंडोल. गोंदाचा डबा माझ्या मांडीवर. आबांच्या हाताला हळदीची पट्टी. एरंडोल सुटल्यावर मी म्हणालो, "आबा, त्यांनी डबा परत केला तर मी शेठजींना खरं सांगणार. तुमचं नाव येऊ देणार नाही." ते हाताची पट्टी घट्ट करू लागले. "आधी पोहचू दे," म्हणाले.

छापखान्याच्या मागच्या खोलीत बाइंडर चाचा बसत. मेंदी लावलेली दाढी, नखं सरसाने पिवळी. त्यांनी डबा उघडून हुंगला, बोटाने चोळला, पुढ्यातल्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक घेतलं, पाठीला गोंद लावून दाबात ठेवलं आणि चहा मागवला. "ये तो धुंधला है," म्हणाले. मी आबांकडे बघितलं. चाचांनी बशीत चहा ओतला. "पर किताब की पीठ में झाँकता कौन है?"

आम्ही दुपारभर थांबलो. मधे ते उठले, त्यांनी पुस्तक पाठ वर करून बाहेर उन्हात तापलेल्या दगडावर ठेवलं. तासाभराने परत आणलं. ते आठवीचं भूगोलाचं पुस्तक होतं, ज्या वर्गात मी कधी बसलो नाही त्या वर्गाचं. चाचांनी ते मधोमध उघडलं, दोन्ही पुठ्ठे धरून मागे मोडले, पार मागे, एकमेकांना टेकेपर्यंत. मी डोळे मिटले. कडकन आवाज येईल म्हणून कान तेवढे उघडे होते. आवाज आला नाही. त्यांनी पान धरून पुस्तक हवेत हलवलं. पान सुटलं नाही. मग ते उघडं पुस्तक त्यांनी टेबलावर टाकलं. दोन्ही बाजू हळूहळू खाली आल्या, आणि ते सपाट, निवांत, तसंच पडून राहिलं.

चाचांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो आपल्या बाजूला ओढून घेतला.

आबांनी पट्टी बांधलेला हात त्या उघड्या पानावर सपाट ठेवला. "बठनं," ते म्हणाले.

मी विचारलं, "काय म्हणालात, आबा?"

ते हसले. आणि त्यांनी तो शब्द मला पुन्हा एकदा, सावकाश, सांगितला.